कॅली रात्री कुठे झोपते

लिक फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
शनिवार, १३ सप्टेंबर

प्रिय लॉर्ना,

तुला, कर्टिसला आणि माझ्या कॅलीला भरभरून आशीर्वाद. देवाच्या कृपेने मी बरी आहे. कर्टिसच्या पप्पांचं जैसे थे. बुधवारी शुश्रूषागृहात गेले तर मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली, पण खीर वाटीभर खाल्ली. तिथल्या मुली मायेने करतात. तक्रारीला जागा नाही.

पत्र बघून दचकू नकोस. फोन केला असता, पण तुमच्या ट्रकमध्ये फोन कायम स्पीकरवर, आणि कर्टिस गाडी चालवता चालवता सगळं ऐकतो. मेसेज पाठवावा तर तुझा फोन तोही बघतो. हे तू आधी एकटीने वाचायचं आहेस. बुधवारी तुम्ही नॉक्सव्हिलच्या डेपोत माल उतरवणार असं कॅली म्हणाली, म्हणून तिथल्या पत्त्यावर तुझ्या नावाने टाकते आहे.

कॅलीने परवा फोनवर काय सांगितलं ठाऊक आहे? "आजी, आज मी गणित ओहायोत सुरू केलं आणि केंटकीत संपवलं." मी म्हटलं, "उत्तर कुठल्या राज्यात चुकलं?" तर म्हणे, "चुकलंच नाही!" पोरगी हुशार आहे गं. ट्रकच्या मागच्या बिछान्यावर बसून, मांडीवर कॉम्प्युटर घेऊन चौथीचा अभ्यास करायचा, सोपं नाही. ही ऑनलाइन शाळा तिला मानवली आहे. बाईंची नावं ती घरच्या माणसांसारखी घेते.

शाळेच्या कागदाबद्दलचे तुझे निरोप मिळाले. पहिला मिळाला, दुसरा मिळाला, आणि मंगळवारचा तो, "मॉम, प्लीज, पुढच्या शुक्रवारपर्यंत कागद गेला नाही तर तिचं नाव काढतील," तोही. मी प्रत्येक वेळी "बघते" म्हटलं. एकदा म्हटलं वीजबिल सापडत नाही. एकदा म्हटलं चर्चमध्ये जेवणावळ आहे, मला शेंगा निवडायच्या आहेत. जेवणावळ होती, हे खरं. पण शेंगा निवडायला आठवडा लागत नाही.

तुला काय वाटलं असेल याचा मला अंदाज आहे. तुम्ही भाड्याचं घर सोडून ट्रकमध्ये राहायला निघालात तेव्हा मी म्हटलं होतं, "पोरीला माझ्याजवळ ठेवा." तू म्हणालीस, "माझी मुलगी माझ्यासोबत राहील, तुमचा फक्त पत्ता द्या." मला लागलं होतं ते. आता म्हातारी कागद अडवून सूड घेते आहे, पोरगी ओढून घ्यायला बघते आहे, असं तुझ्या मनात आलं असेल तर तुझी चूक नाही. पण लॉर्ना, तसं नाही. देवाशपथ म्हणणार होते, पण शपथेवरूनच तर सगळं अडलं आहे.

शाळा सरकारी, फुकट, फक्त आपल्या राज्यातल्या मुलांसाठी. मुलगी कधी टेक्ससमधून वर्गात येते, कधी टेनेसीमधून, ते त्यांना तिकडे दिसतं. मग ते विचारणारच. त्यांना माझ्या नावाचं, माझ्या घराचं, दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल हवं. आणि नोटरीसमोर सही केलेला कागद, की कॅली माझ्या घरी, माझ्यासोबत राहते.

काल तो कागद घेऊन मी बँकेत गेले. मुद्दाम जेवणाच्या सुट्टीत गेले, कारण त्या वेळी ग्लेना खिडकीवर नसते. चर्चमधली माझी मैत्रीण ग्लेना, तुला ठाऊक आहे ती. पण नोटरीचा शिक्का तिच्याच नावाचा. तिथल्या पोराने तिला आतून हाक मारून बोलावलं. ती सँडविच चावत बाहेर आली, कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला.

"नेड्रा, हा ब्रश फोर्क रोडचा पत्ता कुणाचा?"

"माझा."

"आणि काल रात्री माझ्या मागच्या खोलीत कोण घोरत होतं? माझी मांजर?"

मी म्हटलं, "तू फक्त सही बघायची असते, ग्लेना. मजकूर खरा की खोटा हे नोटरीने बघायचं नसतं."

"बघायचं नसतं, पण मला ठाऊक आहे ना! तू शपथ घेणार, मी शिक्का मारणार, आणि रविवारी दोघी एका बाकावर बसून गाणी म्हणणार? लाज वाटते का?"

वाटली. कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले.

तर हे असं आहे. घर विकलं, लॉर्ना. मार्चमध्येच. कर्टिसच्या पप्पांच्या शुश्रूषागृहाचा खर्च काही केल्या बसेना. मी घराचा हिशेब आजवर कधी तुटू दिला नाही, पण या एका खर्चापुढे माझी काटकसर संपली. शहरातलं एक निवृत्त जोडपं आहे, त्यांनी घेतलं. बाई चांगली वाटली. सफरचंदाची झाडं तोडणार नाही म्हणाली.

तुम्हाला कळलं नाही, कारण तुमचा एवढा मोठा ट्रक त्या अरुंद चढावर येऊच शकत नाही. आपण नेहमी हायवेच्या ट्रकतळावरच भेटतो. मी मक्याचा पाव आणि शेंगा डब्यात घेऊन येते, तुम्ही खाता, कर्टिस विचारतो, "घर कसं आहे, मॉम?" मी म्हणते, "आहे तिथंच आहे." खोटं नाही बोलले. पण खरंही नाही बोलले. तुमचं टपाल पोस्टातली मंडळी माझ्या नव्या पत्त्यावर, ग्लेनाकडे, वळवून देतात, म्हणून तेही कधी उघड झालं नाही.

कर्टिस त्याच घरात जन्मला. त्याला कळलं तर ट्रक विकून पैसे पाठवील, आणि मग तुम्ही तिघं कुठे जाल, या भीतीने मी गप्प राहिले. गप्प राहायची सवय लागते गं. आधी म्हटलं उन्हाळ्यात सांगू. मग म्हटलं कॅलीची शाळा सुरू होऊ दे.

आणखी एक सांगून टाकते. सोमवारी मी जुन्या वीजबिलावर तारखेची पट्टी चिकटवून चर्चच्या मशीनवर प्रत काढली होती. छान निघाली होती. देवाच्याच घरात, देवाच्याच कागदावर! मी ती तिथेच फाडली.

काल बँकेतून आल्यावर मी शाळेला फोन केला. नाव न सांगता विचारायचं असं ठरवलं होतं. पण पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मुलगी रात्री कुठे झोपते?"

"आईवडिलांजवळ."

"ते कुठे झोपतात?"

"जिथे ट्रक उभा असेल तिथे."

मी रडायला लागले. मग सगळंच बाहेर पडलं, तुमचं, माझं, कॅलीचं नावसुद्धा. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, ज्या मुलांना कायमचं घर नाही, त्यांच्यासाठी वेगळा अर्ज असतो. वीजबिल लागत नाही. चौकशी होईपर्यंत नाव निघत नाही. तुमच्या घरचे त्यात बसतात का, ते मला त्यांच्याशी बोलूनच कळेल."

मला वाटलं, एवढंच? आणि मग वाटलं, एवढं कसं? त्या अर्जात तुला स्वतःच्या हाताने लिहावं लागेल की माझ्या मुलीला घर नाही. रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या, कुणाचा डॉलर न बुडवणाऱ्या माणसांनी असं लिहायचं! कर्टिसला ते मरणासारखं वाटेल. मला वाटलं तसंच. पण मग मी विचार केला, तो कागद खरा आहे, आणि माझ्या पर्समधला खोटा. कॅली ज्या शाळेत खरं बोलायला शिकते, तिथे तिला खोट्या कागदावर कशी बसवू?

तुला न विचारता मी त्यांना तुझा नंबर दिला आहे. गुरुवारी सकाळी त्या बाई तुला फोन करतील. तुझ्या घरातलं बोलणं मी परक्याला सांगितलं, याबद्दल तुला जे बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. पण त्यांचा फोन उचल. बिचकू नकोस, विचारतील तेवढं सरळ सांग. त्या नाही म्हणाल्या तर मग पुढचं पुढे. निदान आपल्या दोघींच्या अंगावर खोटी शपथ तरी नसेल.

आणि गुरुवारच्या आधी कर्टिसला घराचं सांग. माझ्याने होत नाही, दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. हात जोडून एक मागते. ट्रक उभा करून, हँडब्रेक लावून सांग. चालवताना नको. सांगितल्यावर तो उतरून चालायला लागेल, लहानपणापासून तसाच आहे. त्याला जाऊ दे, मागे जाऊ नकोस, कॅलीला जेवायला वाढ. तो परत येतो.

पोरीला मागण्यासाठी हे लिहिलेलं नाही. ती जिथे आहे तिथे, तुझ्या कुशीत, बरी आहे. हे मी तेव्हाच म्हणायला हवं होतं.

तुला अजून म्हणावंसं वाटलं तर,
तुझी मॉम,
नेड्रा