गंजोबाचा उलटा पंजा

प्रिय ताई,

पाकीट हातात आल्याबरोबर तू आधी शिक्का बघितला असशील, आता हा कुठल्या नव्या गावाला पळालाय म्हणून. गाव तेच आहे, खोली तीच, कारखानाही तोच. तुझ्या भिंगरीने एका जागी चौदा महिने काढले, हे बाबांना जरा मोठ्याने सांग. त्यांच्या लकव्याने गेलेल्या उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागली, ती ओळ मी चार वेळा वाचली. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं तू लिहिलंयस, की नर्सिंगचा फॉर्म परत आणलाय, वयाच्या अटीत यंदाचं शेवटचं वर्ष, बघू. त्या ‘बघू’वरच बोलायचंय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तेव्हा आधी गंजोबाचं ऐक.

आमच्याकडे रूप बदलणारी खेळणी होतात. हातात कुलूप असतं, सहा ठिकाणी वळवलं की पहारेकरी उभा राहतो. इस्त्रीचा हत्ती होतो. प्रत्येक खोक्यात एक कार्ड असतं, त्यावर गोष्टीचा पुढचा भाग, म्हणून पोरं पुढचं खेळणं मागत राहतात. मी जोडणीच्या टेबलावर असतो. खांदे, कोपरं, पंजे बसवायचे आणि खोक्यात जाण्याआधी प्रत्येक खेळणं तीनदा वळवून बघायचं. मास्तरांनी ज्या बोटांवर पट्ट्या मोडल्या, त्या बोटांना इथे मान आहे बघ.

गंजोबा हे नाव आम्ही कामगारांनी ठेवलंय. गंजलेल्या पहारीचा राक्षस होतो तो. पहिल्या भागात पूल धरून ठेवतो म्हणून शब्द देतो आणि ऐन वेळी निघून जातो, सोबती पलीकडे अडकतात. तिसऱ्या भागात तो सुधारणार असं वरून आलं. साचा जुनाच, फक्त रंग नवा. जेवायच्या सुट्टीत आम्ही हसायचो, रंग लावून कुणी सुधारतं का म्हणून.

त्यातच मी घोळ घातला. एका सकाळी त्याचे उजवे पंजे उलटे बसवले, दोनशे नग. झडप घालणारा पंजा खाली हवा, तो तळहात वर करून उभा. सुपरवायझर म्हणाला, याला काय भीक मागायला बसवलास? मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली होती. तेवढ्यात गोष्टीबाई खाली आल्या. कार्डांवरची गोष्ट त्या लिहितात. केसांत पेन्सिल खोचलेली, आणि आमच्यातलंच एक स्टूल ओढून बसायची सवय. त्यांनी खेळणं बराच वेळ फिरवलं आणि मलाच विचारलं, हा काय मागतोय रे? मी म्हटलं, आत येऊ का विचारतोय. बाई म्हणाल्या, मग दार कोण उघडतं? मी म्हटलं, बाई, दार लावलेलंच नसतं.

मग तुझं सांगितलं. याआधी चार वेळा घर सोडून गेलो, चार वेळा भर दुपारी तोंड लपवत परत आलो, आणि चारही वेळा दार नुसतं लोटलेलं होतं. कुठे होतास असं तू कधी विचारलं नाहीस. हातपाय धू, एवढंच. बाईंनी ते पॅकिंगच्या चिठ्ठीमागे लिहून घेतलं, आणि वरच्या साहेबांशी तीन दिवस भांडून तो उलटा पंजा तसाच ठेवायला लावला. अशी माणसं असतात, ताई.

महिन्याने नवीन खेळण्याचा नमुना आला. नाव कडी, गंजोबाला आत घेणारी. एवढीशी, पोलादी रंगाची, सांधा एकच, दार उघडणाऱ्या हाताला. बाकी सगळे बदलतात, ती तेवढी बदलत नाही, हाच तिचा मोठेपणा, असं कार्डावर होतं. मी अक्षरं लावत लावत टेबलावर सगळ्यांना वाचून दाखवलं, तर सुपरवायझर चष्मा पुसत बसला. मलाही दोन दिवस फार आवडलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, मी तिला वळवताना सारखा दुसरा सांधा शोधतोय.

मग आयुष्यात पहिल्यांदा वरच्या मजल्यावर गेलो. म्हटलं, बाई, हिला कुणी विचारलंय का? हिलाही काहीतरी व्हायचं असेल. कुणीतरी दारात थांबायला हवं म्हणून ही थांबलीय. गंजोबा आला ना आत, मग आता त्याने थांबावं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. शाळा किती झाली तुझी? सहावी, तीही अर्धी. बरं झालं, म्हणाल्या. आता कडीला पाच सांधे आहेत. वळवली की शिडाची होडी होते. चौथ्या भागात ती निघते आणि गंजोबा दार सांभाळतो.

ताई, दोन वर्षं बाबांजवळ थांबतो, तू नर्सिंग शिकून ये, असं मी म्हटलं होतं आणि एकोणिसाव्या दिवशी गेलो. तू प्रवेशाचं पत्र ट्रंकेतल्या कागदाखाली सरकवलंस. परत आलो तेव्हाही मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि तेच मला अजून टोचतं. या वेळी नुसता रंग लावून येत नाहीये. सुपरवायझरची आई अंथरुणाला खिळलीय. गेले पाच महिने दर रविवारी तिच्याकडे जाऊन कूस बदलायला, अंघोळ घालायला, ठसका न लागू देता भरवायला शिकलो. पहिल्या रविवारी म्हातारीने मला शिव्या घातल्या, आता दुसऱ्या कुणाकडून घास घेत नाही. नोकरी सोडतोय, पण सांगून, माझ्या जागी आलेल्याला सगळे सांधे शिकवून. दहा तारखेला दुपारी पोचतो. फॉर्म भरून टाक, ‘बघू’ नको. आणि एक कर, त्या दिवशी दार लोटून ठेवू नकोस, आतून कडी लाव. मला एकदा बाहेर उभं राहून, हात पुढे करून, आत येऊ का विचारायचंय. तू हो म्हणालीस, तर तुझी बॅग मी उचलून स्टँडवर पोचवीन आणि बाबांच्या जेवणाच्या वेळेआधी परत येईन.

तुझाच,
भिंगरी