पुकेकोहेला ठेवून जायचं

३ मार्च, सोम.
नितीनला पर्थच्या खाण कंपनीत नोकरी मिळाली. पेढे आणले त्याने! सहा आठवड्यांत निघायचं म्हणे. मी विचारलं, "आणि बाळ?" तो पेढ्यांचा बॉक्स बंद करत बसला.

९ मार्च, रवि.
इथल्या पुकेकोहे गावच्या दफनभूमीत जाऊन आले. जूनपासून एक रविवार चुकला नाही. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. राख असती तर पर्समध्ये घालून नेली असती कुठेही. जमीन कशी नेणार? सासूबाई गाडीतच बसून राहिल्या. म्हणे, "सारखं सारखं येऊ नये गं." अकरा दिवसांची पोरगी, तिचं ना दहावं ना तेरावं. संपला विषय!

१५ मार्च, शनि.
निघायच्या आधी तिच्या थडग्यावर दगड बसवायचा. त्यावर नाव काय? बारसं बाराव्या दिवशी, त्याआधी नाव उच्चारायचं नाही, हा सा.बाईंचा हट्ट. मीही गप्प बसले होते. नि. म्हणतो, "बेबी कुलकर्णी लिहू, काय फरक पडतो?" फरक पडतो रे मेल्या. फॉर्मवर सही केली नाही.

२८ मार्च, शुक्र.
आमची शेजारीण, मेरे, केक घेऊन आली. ती मॉर्मन. सांगत होती, तिच्या पंथाचे जुने लोक अमेरिकेत हातगाड्या ओढत पश्चिमेला गेले. वाटेत पोरं गेली, बर्फात पुरली, पुढे चालायला लागले. मी ताडकन म्हटलं, त्यांना देवाने बोलावलं होतं, आम्हाला खाण कंपनीने! बिचारी जाताना म्हणाली, "तुम्ही गेलात की चर्चनंतर मी जात जाईन तिच्याकडे." थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. रागच आला. माझ्या पोरीकडे ही जाणार, आणि मी पर्थला बार्बेक्यू करणार.

११ एप्रिल, शुक्र.
बॅगा भरून झाल्या. नि. ऑफिसला गेल्यावर सा.बाई आपणहून म्हणाल्या, चल, जाऊन येऊ. आज गाडीतून उतरल्या. गुडघे दुखतात तरी गवतावर बसल्या.
"नितीनच्या आधी मुलगी होती मला. बल्लारपूरला. महिन्याची होऊन गेली, नदीकाठी पुरली. मग ह्यांची बदली झाली, निघालो."
"परत गेलात कधी?"
"नितीनची मुंज झाल्यावर. जागाच सापडली नाही. दिवसभर फिरले गं."
नि.ला यातलं काही माहीत नाही. मी मात्र इतके महिने ह्या बाईला दगडाच्या काळजाची म्हणत होते. घरी येताना म्हणाल्या, "जायचं की राहायचं, तू ठरव. नितीनला मी बघते."
परवा सकाळची फ्लाइट. नि. आलाय, खालून हाका मारतोय, पासपोर्ट कुठे ठेवलेस? माझ्याच हातात आहेत. अजून ओ दिली नाही.