उतारावरचा जनरेटर

सोमवार, ९ मार्च
पुन्हा वीज गेली. जनरेटरची दोरी ओढून ओढून खांदा निखळायचा बाकी राहिला, पण तो ढिम्म. बाबांचं ऑक्सिजनचं मशीन विजेवर चालतं. लहान सिलेंडर लावला — तो किती पुरणार! वीज लवकर आली म्हणून निभावलं. फार घाबरले मी.

मंगळवार, १० मार्च
पेट्रोल आहे. तेल काठोकाठ. चोक ओढला, प्लग काढून पुसला, कार्ब्युरेटर धुतला — हात काळे, फायदा शून्य.

दादाचा फोन. "प्लग बघितलास का?" लांबून सल्ले द्यायला काय जातं! मागच्या आठवड्यात आला तेव्हा एवढंच केलं — धूर बाबांच्या खिडकीत येतो म्हणून जनरेटर मागच्या उतारावर नेला, घरंगळू नये म्हणून चाकाला वीट लावली आणि गेला निघून.

बाबांना काही बोलले नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

गुरुवार, १२ मार्च
मेकॅनिककडे नेला. तिथे पहिल्याच झटक्यात सुरू! "ताई, याला काहीच झालेलं नाही," म्हणाला. वर माझ्याकडे बघून हसला. घरी आणून जागेवर ठेवला — पुन्हा मुका. रागाने लाथ मारली. आता पाय सुजलाय. रडू आलं.

शुक्रवार, १३ मार्च
दोरीची खरखर बाबांपर्यंत पोचलीच. नाकातली नळी सरकवून म्हणाले, "कुठे ठेवलायस तो?" सांगितलं.

"उतारावर? अगं, तिरका ठेवला की तेल एका बाजूला जातं. त्याला वाटतं तेल संपलं. मग तो ठिणगीच देत नाही, इंजिन जळू नये म्हणून. घेतानाच सांगितलं होतं दुकानदाराने."

आठवला तो दुकानदार. प्रश्न विचारून विचारून बाबांनी त्याचा जीव खाल्ला होता.

सपाट फरशीवर ओढत आणला, खिडकीपासून लांब. एका झटक्यात सुरू! इतके दिवस मी डोकं फोडत होते आणि उत्तर आत पलंगावर पडून होतं.

"मला विचारायचं की," बाबा म्हणाले. "आजारी आहे, वेडा नाही झालो." हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. मला लाज वाटली.

शनिवार, १४ मार्च
वीज गेली. जनरेटर सुरू. निवांत जेवले.

सोमवार, १६ मार्च
बाबा सकाळी गेले. वीज होती. मशीन चालू होतं. अजून बंद केलेलं नाही.