आधी तिला नेसवायचं

जळगाव,
आखाजीनंतरचा शनिवार

प्रिय मृणाली,

हातात फोन असताना बाप कागद-पेन घेऊन बसला म्हणून तू हसशील. हस. फोनवर तू फार पटकन उत्तर देतेस आणि मी फार पटकन गप्प होतो, म्हणून लिहितो आहे. सकाळची पूजा आटोपली. तुझी आई ज्वारीचे बिबडे वाळत घालायला गच्चीवर गेली आहे. ऊन असं आहे की गल्ली आतापासूनच ओस पडली. आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तापासून लग्नांना उसंत नाही. आज एक दिवस मोकळा मिळाला, तो तुझा.

तुझ्या लग्नाची कामं मार्गी लागली आहेत. धुळ्याचं लॉन्स पक्कं झालं. तू सांगितलंस तसं धुराचं मशीन नाही, तुमचे दोघांचे माणसाएवढे फोटो नाहीत, नवरीची एंट्री पालखीतून नाही. हळदीला सगळ्यांनी पिवळंच घालायचं हे तुला बालिश वाटतं, तेही काढलं. डेकोरेशनवाले मला चिडवतात, शालिकभाऊ, दुसऱ्यांच्या पोरींना ड्रोन आणि घरच्या पोरीला नुसता झेंडू का? मी म्हणतो, हे गिऱ्हाईक फार कडक आहे. एकच गोष्ट राहिली आणि तिच्यावर सगळं अडलं आहे. आकाशच्या आईने सारिकाचा, त्याच्या पहिल्या बायकोचा, टाक घडवून आणला आहे. हळद उतरल्यावर, साडी नेसण्याआधी तो तुझ्या गळ्यात पडला पाहिजे, नाहीतर त्या मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. आणि तू म्हणालीस, नाना, मेलेल्या बाईला गळ्यात बांधून मी उभी राहणार नाही, लग्न मोडलं तरी चालेल. तुम्ही प्लॅनर आहात ना, मग प्लॅनमधून ते काढा. मी काढलं नाही आणि ठेवलंही नाही. हळद आणि वरमाला यांच्यामधली जागा कोरी सोडली आहे.

तुझं म्हणणं मला कळतं. सारिकाला तू पाहिलेलं नाहीस. तिच्या आजारपणात तुझा काही संबंध नव्हता, आकाशची आणि तुझी ओळखही नव्हती. मग तिचं ओझं तू का घ्यायचं? आपल्याकडे बिजवराला दिलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीचा टाक असतो, हे मी लहानपणापासून पाहिलं. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर बाईची आकृती उठवलेली, काळ्या दोऱ्यात ओवलेला. नवं लुगडं घरात आलं की आधी टाकाला दाखवायचं, हळदकुंकू वाहायचं, मग आपण नेसायचं. गावात ते कुणाला विचित्र वाटत नसे. पुढे नुसते मांडव घालणं सोडून लग्नाच्या सगळ्याच कामात पडलो, तेव्हा माझ्याही लेखी तो एक छोटा विधी झाला. फोटो नको, गाणी नको, लवकर आटपा, एवढंच मी बायकांना सांगत असे.

गेल्या उन्हाळ्यात सोनगीरजवळ एका लॉन्सवर मी एका लग्नाचं काम केलं. त्या दिवसाबद्दल घरात कुणाशी बोललो नाही. तुझ्या आईशीसुद्धा नाही.

नवरी पुनम, धुळ्याची, कॉलेजात शिकवणारी. नवरा भूपेंद्र, बिजवर. पुनम समजूतदार मुलगी. टाक घालायला तिची हरकत नव्हती; हळदीपासून तो तिच्या गळ्यात होता. पण तिला तयार करायला नाशिकहून मेकअपवाली आली होती. शालू अबोली रंगाचा, ब्लाउजच्या पाठीवर आरीकामाचा मोर, गळ्यात मोत्यांचा चिंचपेटी सेट. त्या सगळ्यात हा काळा दोरा मेकअपवालीला खुपला. फोटो होईपर्यंत काढू या, म्हणाली. पुनमने काढून दिला. नवरीच्या खोलीत हल्ली आम्ही एक पुतळा ठेवतो, शिंप्याकडे असतो तसा, बिनडोक्याचा. नवरीच्या मापाचा कापूस भरून घ्यायचा, ब्लाउज-शालू आधी त्याच्यावर चढवायचा, निऱ्यांना इस्त्री मारून पिना लावायच्या आणि मग ते सगळं नवरीच्या अंगावर उतरवायचं. ऐन वेळी घाई होत नाही. मेकअपवालीने टाक हरवू नये म्हणून त्या पुतळ्याच्याच गळ्यात अडकवला. वर ब्लाउज चढवलं, शालू नेसवला, पदर लावला. आणि सगळं मनासारखं बसल्यावर झटकन उतरवून घेतलं.

बाहेर भर उन्हात वरात हायवेच्या कडेला नाचत होती. मला वॉकीटॉकीवर निरोप आला, नवरी तयार होत नाहीये. मी खोलीच्या दाराशी गेलो. आत कूलर घरघरत होता आणि पाच-सहा बायका पुनमच्या भोवती वाकल्या होत्या. निऱ्या राहत नव्हत्या. पिन लावावी आणि निरी सुटावी. सकाळी घालून पाहिलेल्या ब्लाउजचे हूक लागत नव्हते. मेकअपवालीने टेप काढली. अंगाचं माप बरोबर, ब्लाउजचं माप बरोबर, हूक मात्र एकमेकांपर्यंत पोचत नव्हते. तिने वैतागून सगळं पुन्हा पुतळ्यावर चढवलं. तिथे हूक बोटं न लावल्यासारखे बसले. निऱ्या एकावर एक, वहीच्या पानांसारख्या पडल्या.

हे इथपर्यंत कुणालाही सांगता येईल, कापडाचे चाळे म्हणून. पण मृणाली, त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगायला मला शब्द जुळवावे लागताहेत. पुतळा त्या शालूत खोलीच्या मधोमध उभा होता. आणि बायका त्याच्या समोरून जाताना किंचित वाकून, बाजू देऊन जायला लागल्या. घरातली मोठी बाई उभी असताना जातात तशा. एकीने तर जाता जाता डोक्यावर पदर घेतला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आपण असं करतोय हे त्यांच्या ध्यानातही नसावं. बोलणं हळूहळू कुजबुजीवर आलं, मग तेही थांबलं. माझा हात आपोआप शर्टाच्या आतल्या माळेवर गेला. भर दुपार होती. बाहेर डीजे वाजत होता, खिडकीच्या काचा थरथरत होत्या, आणि आत मला कानात दडे बसल्यासारखं झालं होतं.

तेवढ्यात भूपेंद्रची आत्या, कमलबाई, भांडायलाच आली. पोरी, नटनं जाय का नही तुमनं, असं म्हणत दारातून आत शिरली आणि पुतळ्याला पाहून जागीच थबकली. टाक कोठे शे, तिने विचारलं. मेकअपवालीने पुतळ्याच्या गळ्याकडे बोट केलं. कमलबाई खाली गादीवर बसली. तिले नेसाडं तुम्हीन, ती सावकाश म्हणाली, आनि मंग आंगवरथीन वढी लिधं. इचारं का तिले? जित्या बाईना आंगवरनं लुगडं आसं वढतस का? नाशिकच्या बाईला काही कळेना. मी दाराबाहेरूनच सांगितलं, तुम्ही शालू पहिलीला नेसवला आणि न विचारता काढून घेतला, आता तिच्याकडे मागावा लागेल. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटला.

पुनम अंगाभोवती ओढणी गुंडाळून उठली, तसा मी पाठ फिरवली. म्हणून पुढचं मी ऐकलेलं सांगतो, पाहिलेलं नाही. ती पुतळ्यासमोर उभी राहिली असावी. म्हणाली, ताई, तुमचं झालं असेल तर मी नेसू का? वर्गात मोठ्या बाईंना विचारावं इतक्या साध्या आवाजात. काही झालं नाही. मग लाईट गेली. कूलर बंद पडला, डीजेही पडला, आणि सगळ्या आवारावर शांतता पसरली. त्या शांततेत मला एक पिन उघडल्याचा आवाज आला. पिन उघडल्याचा आवाज एरवी ऐकू येत नाही. मग दुसरी. मग जड रेशीम सावकाश जमिनीवर उतरल्याचा लांबलचक आवाज. कुणीही पुतळ्याला हात लावला नव्हता, हे बायकांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं. मी त्यांना विचारलं नव्हतं.

पुनमने टाक स्वतःच्या गळ्यात बांधला. हूक लागले. निऱ्या राहिल्या. कमलबाई तेवढ्यात सावरली होती. चाल आते, नवरदेव नाची नाची मरी जाई, म्हणाली, आणि सगळ्याजणी गरजेपेक्षा जरा जास्तच हसल्या.

गेल्या आठवड्यात पुनम मला धुळ्यात साडीच्या दुकानात भेटली. तब्येत छान, चेहऱ्यावर तेज. एक जांभळी साडी तिने खांद्यावर लावून पाहिली, क्षणभर खाली, गळ्याकडे बघितलं, आणि दुकानदाराला म्हणाली, नको, हा रंग नको म्हणते. नणंद-जावेबद्दल बोलावं तसं. दुकानदारालाही त्यात काही वाटलं नाही. मी तिला विचारलं, सुखात आहेस ना? ती म्हणाली, काका, घरात एकटं कधी वाटतच नाही. मुलगी खरंच सुखात आहे.

तुला भीती घालायला हे लिहिलं, असं समजू नकोस. टाक घालच, असंही मी म्हणत नाही. देव आहे यावर माझी श्रद्धा आहे. बाकी काय आहे, काय नाही, ते ठरवायला मी कोण? मला एवढंच समजलं की त्या दिवशी त्या खोलीत कुणी रागावलेलं नव्हतं. कुणीतरी फक्त वाट पाहत होतं, आपल्याला कुणी विचारतं का याची. तेव्हा मनात आलं, आकाशच्या आईशी बोलण्याआधी आणि तुला समजवण्याआधी सारिकाच्या आईला भेटावं. मुलीच्या जागी दुसरी मुलगी येते आहे, हे तिला आपल्यापैकी कुणी सांगितलं तरी आहे का? म्हणून मंगळवारी कुणाला न कळवता मी चाळीसगावला गेलो.

स्टेशनामागच्या गल्लीत घर आहे. सारिकाची आई, लिलाबाई, एकट्याच राहतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, समोर माणूस आहे एवढंच कळतं. मी दारातून सांगितलं, मी मृणालीचा वडील, आकाशशी जिचं ठरलंय तिचा. मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा दार लावून घेतील. त्या हसल्या. या, या, म्हणाल्या, काल पोर उनी, आज बाप उना.

मी बसलो. त्या बोलत राहिल्या. तुमनी पोर गुनी शे, म्हणाल्या. काल आल्या आल्या माझ्या पाया पडली. मला पाणी विचारायला उठू दिलं नाही, आत जाऊन स्वतःच माठातून घेतलं, फडताळातला पेला घेऊन. पेला कुठे असतो ते विचारलंही नाही. कळण्याची भाकरी आणि ठेचा आवडीने खाल्ला. मला आई म्हणाली, सारखी आई, आई म्हणत होती. आणि साडीचं सांगत होती. कच्च्या कैरीसारखा रंग आहे म्हणे, आणि काठ सोन्याचा नाही, चांदीचा. छान निवडलं. आमच्या सारिकालाही सोनेरी काठ कधी आवडला नाही.

मृणाली, ती साडी अजून येवल्याला मागावर आहे. रंग तू मला व्हिडिओ कॉलवर दाखवलास आणि आकाशलाही सांगू नका म्हणालीस. मी तुझ्या आईलाही सांगितलेला नाही. लिलाबाईंपुढे साडीचा विषय मी काढला नव्हता. सोमवारी तुझा फोन दिवसभर लागत नव्हता. संध्याकाळी तू म्हणालीस, ऑफिसात मीटिंग होत्या. तुझ्या नाशिकहून चाळीसगाव रेल्वेने फार लांब नाही. एवढं सगळं मी पुन्हा पुन्हा जोडून पाहतो आहे, आणि जेवढं जोडतो तेवढं मला रात्री झोप लागत नाही.

म्हणून हे पत्र. तू गेली होतीस का? गेली असशील, तर फक्त हो एवढंच कळव. मग टाकाचं मी बघतो. जे विचारायचं ते तू विचारून आलीस, असं आकाशच्या आईला मी स्वतः सांगेन आणि त्या ऐकतील. गेली नसशील, तर फोन करू नकोस, गाडी धरून घरी ये. साडी आली की मी तिची घडी मोडणार नाही, पुतळ्यावर चढवणार नाही, कुणाला हात लावू देणार नाही. आपण दोघं ती घेऊन चाळीसगावला जाऊ. कारण निघताना लिलाबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, साडी आली की नेसून दाखवायला येते, असं सांगून गेली आहे पोर, तिला आठवण करून द्या. मी म्हटलं, येईल. दुसरं काय म्हणणार? नेसून दाखवायला कुणीतरी जाणारच आहे, पोरी. ती तू असावीस.

तुझाच,
नाना