ढोकीला न पोचलेलं रीळ

६ फेब्रुवारी, कळंब
रविवारी मनूला बघायला पाहुणे. माझ्याच माहेरचे, ढोकीचे सोपानराव. त्यांचा धाकटा मुलगा इंजिनिअर. तो नि मनू फोनवर बोलतात. मनूला आवडलाय, तोंडानं कबूल करत नाही.
सो. मुलीला स्वयंपाकाचं विचारत नाहीत म्हणे. जत्रेतल्या तंबूत आम्ही पाहिलेला तो जुना लढाईचा पिक्चर काढतात. शिपाई बेपत्ता, त्याच्याशी लग्न ठरलेली नर्स डॉक्टरच्या ट्रकमधून निघून जाते. ती चुकली का बरोबर? मोठ्या सुनेलाही हेच विचारलं होतं. मनूला बजावलं, 'चुकली' म्हण नि मोकळी हो. अख्खी ढोकी तेच म्हणते, मी धरून.

८ फेब्रु.
मनूनं पिक्चर मोबाइलवर शोधून पाहिला. "आई, शिपाई मधे घरी येतो की! तोच म्हणतो, जा त्याच्याबरोबर."
मी उडालेच. आमच्या तंबूत हे नव्हतंच. मग आठवलं. एकच पिक्चर दोन गावांत चालायचा, रिळं सायकलवरून यायची. त्या दिवशी एक सायकल वाटेत पंक्चर. मागची आधी पोचली. शिट्ट्या सुरू झाल्या तसं तंबूवाल्यानं पुढचं रीळ लावून टाकलं, मधलं राहूनच गेलं. आणि एवढ्यावर आम्ही त्या बिचारीला जन्मभर नावं ठेवली!
बरंच झालं. आता उत्तर सोपं, त्यानंच जा म्हटलं.

रविवार
आले. चहा झाला, प्रश्न आला. मनू म्हणाली, "बरोबर."
सो. ताठ बसले. "शब्द दिल्यावर माणूस मोडतंय व्हय?"
मी घाईघाईनं रिळाचं सांगितलं. सो.नी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "त्यानंच सोडलं म्हणल्यावर तिचा काय दोष न्हाय बाई." सुटले एकदाची! ह्यांनी सुपारीकडं हात नेला.
तर मनू: "मामा, शब्द तिच्या वडलांनी दिला होता. तिला कुणी विचारलं होतं? तो आला नसता तरी ती बरोबरच होती."
झालं. मुलगा तिच्याकडं बघतच राहिला. सो. "कळवतो" म्हणून उठले. हे माझ्यावर डोळे वटारतायत, जसं काही मीच पढवलंय. मला कुठलं एवढं छान सुचायला! पण पोरीचा असा अभिमान वाटला की...

१४ फेब्रु.
निरोप नाही. हे ताट अर्धं टाकून उठतात. मनूला म्हटलं, आवडला होता ना गं, मग गप्प बसायचं. म्हणाली, "आवडलाय म्हणूनच बोलले. त्या घरात राहायचंय मला." डोळे भरलेले, पण मान ताठ. माझी लेक.

१७ फेब्रु.
सो.चा फोन. आवाज पडलेला. "बाई, मोठ्या सुनेला परत इचारलं. म्हणली, तवा तुमाला बरं वाटावं म्हणून 'चुकली' म्हणले होते. इतकी वर्षं घरात हाय, मला पत्ता न्हाय."
मग म्हणाले,
"रविवारी येतो. आख्खा पिक्चर दावा. मोठीला बी आणतो, ती लई मागं लागलीय."
सोयरिकीचं त्यांनी काढलं नाही, मीही विचारलं नाही. मनूला सांगितलं. ती म्हणाली, "वहिनींना माझ्या शेजारी बसवा."