नलूआत्याच्या मुठीतली पावडर

ती. नलूआत्या,

शैलेशचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे घातला तो मनातल्या मनात). तुझे गुडघे बरे असतील. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र चिंतूकाकांच्या हाती नवापूरला धाडतोय. निदान ते दारात उभे असेपर्यंत फाडू नकोस.

कारखान्यातल्या कामगारांत कुशल कोण नि अकुशल कोण, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, त्याला मी काय करू? फॉर्मात प्रश्न होता, 'काम शिकायला किती वर्षं लागली?' तू म्हणालीस, "यात शिकायचं काय हाय? हाताला कलतं." हाताला कळण्याचा रकाना नव्हता. मी शून्य लिहिलं. शून्यवाले अकुशल. तू पदर खोचून निघून गेलीस.

मुठीत दाबून पावडरीचा ओलावा ओळखणाऱ्या तुझ्या जागी ओलावा मोजायचं यंत्र आलं. ते चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन (पहिला दिवस उद्घाटनात गेला) मी कुशल झालो. यंत्र धुण्याच्या पावडरीचा प्रत्येक घाणा कोरडा सांगायचं. संशय आला म्हणून मी घामाने भिजलेला रुमाल त्यात ठेवला. तोही कोरडा निघाला. मग तुझ्यासारखी पावडर मुठीत दाबली, डोळे मिटले, मान डोलावली आणि माल पाठवला. आठवड्यात सगळा परत आला, पुड्यांत विटा झालेल्या. पालघरच्या एका दुकानदाराने तर दाराला टेकण म्हणून दोन ठेवून घेतल्या.

तीस वर्षं बोंबील वाळवताना कुठला आत ओला राहिलाय ते तू नुसत्या बोटांनी सांगायचीस, हे मी लहानपणापासून पाहिलंय. तरी शून्य लिहिलं. मला लाज वाटते, हे लिहूनच टाकतो. सोमवारी कामावर ये.

तुझा भाचा,
शैलेश

ता. क. कारखान्याचे धर्मेशसाहेब तुला कुशल करायला तयार आहेत. पण खात्यात कुशलची जागा एकच, नि तिच्यावर मी. ती काल तुझ्या नावे लिहून दिली. आता मी तुझा मदतनीस. पोती मी उचलेन.

ता. क. २ माझा पगार कमी होणार, हे तुझ्या भाचेसुनेला, सपनाला, अजून ठाऊक नाही. सोमवारी आधी आमच्याकडे चहाला ये नि तूच सांग. तुझ्यासमोर ती भांडी आपटत नाही.