बर्फातून आलेला नमुना

५ जानेवारी
पुणं सोडून आलो एकदाचे कोल्हापुरात! मंगळवार पेठेत माडीवरची खोली मिळाली. माझं माहेर, पेठ वडगाव, आता तासाभरावर. घरमालकीण अक्का दारातच म्हणाल्या, "पावणं, लाजायचं न्हाय. पोरीला दूध लागलं तर हाक मारायची की." चार वर्षांची आमची वल्लरी लगेच त्यांच्याबरोबर खाली. माझा नवरा श्रीपाल पुस्तकं लावतोय. उद्यापासून माझी प्रयोगशाळा. अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेला अशनी, आकाशातून पडलेला दगड, मी तपासणार!

७ जानेवारी
मुठीएवढा. वजन ४१२ ग्रॅम. वर जळका काळा थर. फुटलेल्या बाजूला राखाडी, त्यात मोहरीएवढे गोल कण आणि लोखंडाचे चमचमते ठिपके. एका कडेला गंज. पाषाणी अशनी नक्की. गट कुठला ते पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर कळेल. विभागप्रमुख पूर्णिमा मॅडमनी दोनदा बजावलं, आदिती, हातमोजे काढायचे नाहीत. नमुना खराब होतो म्हणून. मी उजवा एकदाच काढला. साडेचारशे कोटी वर्षांचं काहीतरी बोटाला लागावं, एवढंच.

९ जानेवारी
काप सुरेख आला. लोह भरपूर, कणांच्या कडा पुसट: गट एच, प्रकार पाच. मॅडम खूश. माझ्या उजव्या तर्जनीचं टोक मात्र बधिर झालंय, नखाखाली काळं. श्रीपालने खोबरेल चोळून दिलं.

१२ जानेवारी
काळेपणा तळहातापर्यंत. डॉक्टर बुरशी म्हणाले, मलम दिलं. प्रयोगशाळेत बोट भिंगाखाली धरलं. कातडीत गोल, राखाडी कण. एकोणीस मोजले. चुंबक जवळ नेला तर बोटाला चिकटला.
मॅडमना दाखवलं. त्या मागे सरकल्या, खोलीत गेल्या, दार लावून घेतलं. मग फोनवर म्हणाल्या, घरीच थांब, कुणाला बोलू नकोस, अहवाल तेवढा पाठव.

१३ जानेवारी
श्रीपालचा अंगठा काळा. ज्याने तेल चोळलं तो. शाई असेल म्हणाला. हसला. शाई नाही.
वल्लरीला अक्कांकडेच ठेवलंय. त्यांना तिचं अंग तपासायला सांगितलं. काही नाही. अजून काही नाही.

१५ जानेवारी
श्रीपालचा हात खांद्यापर्यंत. दवाखान्यात सगळ्या तपासण्या ठीक, म्हणे. मॅडम फोन उचलत नाहीत —

१६ जानेवारी
श्रीपाल उठत नाही. श्वास आहे. अंग गार, इतकं जड की मला त्याला कुशीवर वळवताही येत नाही. डाव्या हाताने लिहितेय.
जिन्यावरूनच अक्कांना ओरडून सांगितलं, पोरीला वडगावला माझ्या आईकडे पोचवा. "व्हय, उद्या सकाळी न्हेतो. पर पोरगी आई आई करतीया, येकदा भेटा की." नको म्हटलं. दार ओढून घेतलं —

१७ जानेवारी, सकाळ
वल्लरी जिना चढून आलीय. एकटी. अक्का खालून हाका मारताहेत —
कडी घालायला गेले. उजवी बोटं वाकत नाहीत. डावीही आता —
पाठ दाराला लावून बसलेय, पेन डाव्या मुठीत अडकलंय. जा म्हटलं. ओरडले तिच्यावर. कधी ओरडले नव्हते. ती रडतेय, दार ढकलतेय. पाय रेटून धरायचे, पण पाय कुठे आहेत तेच कळत —
फटीतून तिचा हात आत आलाय. माझा खांदा चाचपडत —